घरच्या घरी कुत्र्याची अंघोळ : आखूड केसांच्या कुत्र्याची त्वचा आणि घरच्या माणसांची तब्येत

दवाखान्यात कुत्र्याच्या अंघोळीचा विषय निघतो तो सहसा दुसऱ्याच तक्रारीतून. रविवारी दुपारपासून कंबर धरली आहे, दोन्ही हातांना आणि पोटाला खाज सुटली आहे, बाथरूममध्ये पाय घसरून मनगट सुजले आहे. कधी हातावर दोन दातांच्या खुणा असतात आणि सोबत आलेले म्हणतात, "घरचाच आहे हो डॉक्टर, लस दिलेली आहे त्याला." थोडे खोदून विचारले की कळते, सकाळी कुत्र्याला अंघोळ घातली होती.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याच्या आजारावर उपचार पशुवैद्यांनीच करायचे. पण अंघोळ ही अशी गोष्ट आहे की तीत कुत्र्याची त्वचा आणि तुमची तब्येत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पणाला लागतात. म्हणून हा लेख.

इथे आखूड केसांच्या कुत्र्यांपुरते बोलू : लॅब्रॅडोर, बीगल, पग, डॉबरमन, बॉक्सर, डॅशहुंड, आपल्याकडचे कारवानी आणि मुधोळ, आणि अर्थातच गावठी. यांना अंघोळ घालणे सोपे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

किती दिवसांनी?

त्वचेचा काही आजार नसलेल्या आखूड केसांच्या कुत्र्याला साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा अंघोळ पुरते. दर रविवारी शाम्पू लावण्याची गरज नाही. कुत्र्याच्या त्वचेवर नैसर्गिक तेलाचा पातळ थर असतो. तो वारंवार धुऊन गेला की त्वचा कोरडी पडते, कोंडा होतो, कुत्रा खाजवू लागतो आणि खाजवतो म्हणून आपण पुन्हा अंघोळ घालतो. हे चक्र मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. मधल्या दिवसांत रबरी ब्रश किंवा ओला करून घट्ट पिळलेला पंचा अंगावरून फिरवला तरी धूळ आणि सुटे केस निघतात. पावसात फिरून आल्यावर फक्त पाय आणि पोट धुवावे आणि नीट कोरडे करावे.

पशुवैद्यांनी औषधी शाम्पू दिला असेल तर मात्र त्यांनी सांगितलेले वेळापत्रक पाळा. मानेवर थेंब टाकायचे गोचिडांचे औषध लावले असेल तर ते लावण्याआधी 48 तास आणि नंतर 48 तास अंघोळ टाळावी, असे अशा बहुतेक औषधांबाबत सांगितले जाते. वेष्टणावरची सूचना वाचा. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला आणि ताप किंवा जुलाब असलेल्या कुत्र्याला अंघोळ घालू नये. घाण लागली असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे.

कुत्रा आत नेण्याआधी : गीझर, रॉड आणि फरशी

हा भाग घाईत वगळू नका. इथली चूक जिवावर बेतू शकते.

कुत्रा पळून जाऊ नये म्हणून आपण बाथरूमचे दार लावतो. पाणी उडू नये म्हणून खिडकीही बंद करतो. आत गॅस गीझर असेल आणि तो चालू असेल, तर लहानशा बंद जागेतला प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपली स्वतःची अंघोळ दहा मिनिटांत उरकते, कुत्र्याची अर्धा तास चालते, आणि तेवढा वेळ गीझर अधूनमधून पेटत राहतो. डोके जड होणे, मळमळ, पायांतले बळ गेल्यासारखे वाटणे आणि मग बेशुद्धी, हा क्रम इतका सरळ असतो की माणसाला वाटते, वाकून वाकून चक्कर आली असेल.

करायचे ते सोपे आहे. गरम पाणी आधी बादल्यांत भरून घ्या, गीझर आणि त्याचा गॅस बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मगच कुत्र्याला आत न्या. आत असताना डोके दुखू लागले तर अंघोळ अर्धवट टाकून दोघेही मोकळ्या हवेत या. कोणी आत पडलेले दिसले तर आधी दार सताड उघडा, श्वास रोखून त्यांना बाहेर ओढा, गॅस बंद करा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्यायचेच.

पाणी तापवायला रॉड वापरत असाल तर बटण बंद करून, पिन काढून, रॉड बादलीतून बाहेर काढून दूर ठेवल्यावरच कुत्रा आणा. चालू रॉडच्या बादलीत कुत्र्याने पाय घातला किंवा बादली लाथाडली, की विजेचा धक्का त्यालाही बसतो आणि त्याला धरलेल्या तुम्हालाही.

फरशीवर रबरी चटई किंवा जुनी गोणी अंथरा. कुत्रा बिथरतो त्याचे निम्मे कारण पाय घसरणे हे असते. त्याचे पाय स्थिर असले की तो शांत राहतो आणि तो शांत राहिला की तुम्ही पडत नाही. स्वतः रबरी चप्पल घाला, विशेषतः तुम्हाला मधुमेह असेल आणि पायांना बधिरपणा असेल तर. कुत्र्याचे नख बधिर पावलावर लागलेले कळत नाही, वर ओली फरशी असते, आणि तीन दिवसांनी जखम चिघळल्यावर लक्षात येते. अंघोळीनंतर मधुमेही माणसाने आपली पावले तळव्यांसह नीट पाहावीत.

कंबर सांभाळायची तर उभे राहून वाकू नका, ठेंगण्या स्टुलावर बसा. तीस किलोच्या लॅब्रॅडोरला उचलून बाथरूममध्ये नेणे हा कंबर धरण्याचा खात्रीचा मार्ग आहे. त्याला चालत नेता येते. दोन खाऊचे तुकडे हातात ठेवले की तो येतो. अंगण किंवा गच्ची असेल तर उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊ वाजता बाहेरच अंघोळ घालणे सर्वांत चांगले. दुपारी तापलेल्या फरशीवर मात्र नको, त्याचे तळवे भाजतात.

शाम्पू कोणता, आणि काय लावू नये

माणसाची त्वचा थोडी आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची सर्वसाधारणपणे उदासीनतेच्या जवळ. तिचा वरचा थरही आपल्यापेक्षा पातळ असतो. त्यामुळे आपला शाम्पू, अंगाचा साबण किंवा लहान बाळांचा शाम्पू हे एखाद्या वेळी लावून फारसे बिघडत नसले तरी नेहमीसाठी योग्य नाहीत. कुत्र्यांसाठीचा, कमी वासाचा साधा शाम्पू घ्या. वास आपल्याला आवडतो. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते आणि उग्र सुवासाचा त्याला त्रासच होतो.

धुण्याचा साबण, भांड्यांचे द्रव, फिनेल, रॉकेल यांतले काहीही लावायचे नाही. घरातले अँटिसेप्टिक द्रव बादलीत टाकण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याने त्वचेचा दाह होतो आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते पोटातही जाते. टी ट्री तेल तर कुत्र्यांसाठी विषारी आहे. कडुनिंबाच्या पाल्याचे गाळून थंड केलेले पाणी शेवटी अंगावर घालायला हरकत नाही, पण त्याने गोचीड मरतात या समजुतीवर विसंबू नका.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. शाम्पू पाण्यात मिसळून वापरणे चांगले, तो अंगावर सारखा पसरतो. पण पाणी घातलेला शाम्पू उरला तर फेकून द्या. तो बाटलीत भरून पुढच्या महिन्यासाठी ठेवला तर त्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढू शकतात. अशा शाम्पूने घासल्यावर एक-दोन दिवसांत कुत्र्याच्या पाठीवर अतिशय दुखरे फोड येतात, ताप येतो, तो हात लावू देत नाही. बाहेरून त्वचेवर थोडेच दिसते, म्हणून घरच्यांना वाटते की पाठीला लचक भरली. अंघोळीनंतर दोन दिवसांत कुत्रा पाठीला हात लावल्यावर कळवळत असेल तर पशुवैद्यांना अंघोळ कधी घातली होती हे आवर्जून सांगा.

प्रत्यक्ष अंघोळ

आधी कोरड्या अंगावरून रबरी ब्रश फिरवून सुटे केस काढा. नाहीतर ते मोरीत अडकतात. चामड्याचा पट्टा काढा. मऊ कापडी पट्टा गळ्यात असू द्या, म्हणजे धरायला काही राहते. साखळीने नळाला बांधू नका. घाबरून ओढ घेतली तर गळा आवळतो, आणि बांधलेला कुत्रा जास्त लवकर चावतो.

पाणी कोमट हवे. कोपर बुडवून पाहा. तुम्हाला गरम लागले तर ते त्याच्यासाठी जास्त गरम आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. त्याला घाम आपल्यासारखा सर्वांगाला येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. म्हणून कढत पाणी आणि कोंदट बाथरूम त्याला लवकर झेपेनासे होते. अगदी गार पाणीही नको. लॅब्रॅडोर, बीगल अशा कुत्र्यांची शेपटी गार पाण्यानंतर कधीकधी एकाएकी लुळी पडते आणि बुडाशी दुखते. बहुतेक वेळा काही दिवसांत ती आपोआप बरी होते. मोडली असे समजून ओढून पाहू नका.

मागच्या पायांपासून सुरुवात करा, मग पाठ, पोट, पुढचे पाय, मान. डोके सर्वांत शेवटी, आणि तेही मगाने पाणी ओतून नाही तर ओल्या फडक्याने पुसून. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही आणि कान चिघळतो. अंघोळीपुरता कापसाचा मोठा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर आठवणीने काढा.

आखूड केसांच्या कुत्र्याला घासताना केसांच्या दिशेनेच हात फिरवा. हे केस ताठ आणि टोकदार असतात. उलटे चोळले तर ते त्वचेतच टोचतात, मुळाशी दाह होतो आणि पुरळ उठते. हाताच्या बोटांनी चोळावे, प्लास्टिकच्या घासणीने नाही.

शाम्पू लावायला दोन मिनिटे लागली तर धुवायला पाच मिनिटे द्या. लॅब्रॅडोर दिसायला आखूड केसांचा असला तरी त्याला आत मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो, त्यात शाम्पू लपून राहतो. बोटांमध्ये घसरडेपणा जाणवेनासा होईपर्यंत पाणी घाला. अंघोळीनंतर येणारी खाज बरेचदा नीट न धुतलेल्या शाम्पूची असते. औषधी शाम्पू मात्र लावून साधारण दहा मिनिटे ठेवायचा असतो. ती दहा मिनिटे घड्याळ लावून मोजा, अंदाजाने दोन मिनिटांतच आपण कंटाळतो.

वाळवणे

आखूड केस लवकर वाळतात, म्हणून लोक हे काम कुत्र्यावरच सोपवतात. तो एकदा अंग झटकतो, गाद्यांवर लोळतो, संपले. वरून तो वाळलेला दिसतोही. ओल राहते ती बोटांच्या फटींत, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी आणि पगच्या तोंडावरच्या वळ्यांमध्ये. तिथे बुरशी आणि जंतू वाढतात, लालसर ओलसर चट्टे उठतात आणि कुत्रा ती जागा चाटून चाटून जखम करून घेतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की आपले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. तिथे कुत्रा आपोआप वाळेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

आधी हातानेच अंगावरून पाणी निथळून काढा, पायांवरून खाली दाबत या. मग त्याला बाथरूमच्या आतच एक-दोनदा अंग झटकू द्या. कानांवर हळूच फुंकर घातली की बहुतेक कुत्रे झटकतात. त्यानंतर सुती पंचा. जाड टर्किश टॉवेलपेक्षा पातळ पंचा चांगला. पाणी पटकन शोषतो, पिळून पुन्हा वापरता येतो आणि उन्हात तासाभरात वाळतो. दोन पंचे ठेवा, एक पहिल्या पाण्यासाठी आणि एक कोरडा शेवटच्या हातासाठी. दाबून टिपायचे, आणि पुसायचे तर पुन्हा केसांच्या दिशेनेच. प्रत्येक पंजाची बोटे फाकवून मधली जागा टिपा. कानाचा दिसतो तेवढाच भाग कोरड्या कापसाने पुसा, काडी आत घालू नका. गळ्यातला ओला पट्टा काढून दुसरा कोरडा घाला.

केस वाळवायचे यंत्र वापरायचे असेल तर गार हवेवरच, फूटभर लांबून आणि सतत हलते ठेवून. तुमचा दुसरा हात त्याच झोतात ठेवा, म्हणजे गरम होत असेल तर तुम्हाला आधी कळेल. ओल्या बाथरूममध्ये ते यंत्र नेऊ नका, कोरड्या खोलीत पायांत चप्पल घालून वापरा. पग, बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवा अजिबात नको. त्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद असते. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, हिरड्या गडद लाल होणे, झोकांड्या ही उष्माघाताची चिन्हे आहेत. लगेच वाळवणे थांबवा, साधे पाणी अंगावर घालून पंख्याखाली ठेवा आणि तसेच पशुवैद्यांकडे न्या.

कारवानी, मुधोळ, डॉबरमन अशा सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते, ते लवकर गारठतात. थंडीत त्यांची अंघोळ उन्हाच्या वेळी घाला आणि पूर्ण वाळेपर्यंत फरशीवर झोपू देऊ नका.

आणखी एक. अंघोळ संपली की बरेच कुत्रे वेड लागल्यासारखे घरभर धावतात. त्यात गंभीर काही नाही, पण घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधीच खुर्चीत बसवा. ओल्या फरशीवर धावत्या कुत्र्याची धडक आणि खुब्याचे हाड, ही जोडी फार महागात पडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेली व्यक्ती पडून डोक्याला मार लागला, तर टेंगूळ लहान असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.

अंघोळ घालताना काय सापडू शकते

आखूड केसांचा मोठा फायदा म्हणजे त्वचा दिसते. अंघोळीच्या वेळी ती नीट पाहून घ्या.

गोचीड सापडला तर तो नखांनी चिरडू नका, काडीने जाळू नका, रॉकेल टाकू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला लागून पकडा आणि सरळ वर ओढा. मग स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि हात साबणाने धुवा. हातमोजे घातले तर उत्तम. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घरातही राहतो. भिंतीच्या भेगा, पलंगाच्या सांधी, कुत्र्याचे अंथरूण या जागा साफ केल्याशिवाय नुसत्या अंघोळीने तो हटत नाही. माणसाला त्याच्यापासून गोचीडताप होऊ शकतो : जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काही दिवसांनी पुरळ, जे तळहातांवर आणि तळपायांवरही येते. हा आजार योग्य औषधाने लवकर आटोक्यात येतो, पण आधी तो सुचायला हवा. म्हणून तापासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा "घरात कुत्रा आहे, त्याच्या अंगावर गोचीड होते" हे वाक्य स्वतःहून सांगा. सिंधुदुर्ग आणि गोव्यातले वाचक विचारतात म्हणून सांगतो : माकडताप हा वेगळा आजार आहे. तो जंगलातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडांमुळे पसरतो.

कुत्र्याच्या कानांच्या कडांवर, कोपरांवर खपल्या आणि भयंकर खाज असेल तर ती खरूज असू शकते. त्याला कुशीत घेणाऱ्यांना हातांवर, पोटावर, कमरेवर खाजरे लाल पुरळ येते. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या त्वचेत आपली पिढी वाढवू शकत नाही. म्हणून कुत्र्यावर नीट उपचार झाले की माणसाची खाज काही आठवड्यांत जाते. पण घरात सर्वांना, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत खाज असेल तर ती माणसांची खरूज असण्याची शक्यता जास्त. तिला वेगळे उपचार लागतात.

नायट्याबद्दल मला जरा ठामपणे बोलायचे आहे. केस गेलेला गोल चट्टा कुत्र्यावर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो आणि माणसाला लागू शकतो. पण आपल्याकडे सध्या दिसणारा नायटा बहुतांशी माणसाकडून माणसाला लागतो, एकाच टॉवेलमधून, एकत्र धुतलेल्या कपड्यांतून. कुत्र्याला दोष देऊन त्याला घराबाहेर बांधण्याआधी घरातल्या कोणाच्या जांघेत चट्टा आहे का ते विचारा. आणि काहीही झाले तरी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका, स्वतःला नाही आणि कुत्र्यालाही नाही. दोन दिवस खाज थांबते आणि नायटा आत पसरतो. अशा मलमांनी चिघळलेले रुग्ण बरे व्हायला महिने लागतात.

गोचिडांचे औषध पाण्यात घालून अंघोळ

अमिट्रॅझ, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी औषधे पाण्यात मिसळून अंगाला लावायला दिली जातात. ती औषधे नव्हेत, कीटकनाशके आहेत असे समजूनच हाताळा. पशुवैद्यांनी सांगितलेले प्रमाण सिरिंजने मोजा, झाकणाने नाही. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत लावा आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. कृषी सेवा केंद्रातून पिकाचे औषध आणून कुत्र्याला लावणे हा जीवघेणा प्रकार आहे. घरात मांजर असेल तर सायपरमेथ्रिन-परमेथ्रिनच्या वर्गातली औषधे तिच्यासाठी विषारी आहेत. कुत्रा पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवा, आणि तरी चालेल का हे आधी पशुवैद्यांना विचारा.

अमिट्रॅझ चुकून पोटात गेले तर माणसाला गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर वाढू शकते. त्यावर ठरावीक उतारा नाही, रुग्णालयात काळजी घेऊन माणूस वाचवावा लागतो. म्हणून ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. मूल तहानेने तोंडाला लावते. तसे झालेच तर उलटी करायला लावू नका, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. मधुमेहाचे रुग्ण, नैराश्यासाठी गोळ्या घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी हे औषध हाताळू नये, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लावावे.

चावला किंवा नख लागले तर

अंघोळीत चावणारा कुत्रा बहुतेकदा दुष्ट नसतो. त्याचा कान दुखत असतो, म्हातारपणी खुबा दुखत असतो किंवा तो घाबरलेला असतो. नेहमी गरीब असलेला कुत्रा ठरावीक जागी हात लावल्यावर गुरगुरतो, तेव्हा त्याला रागावू नका, तपासून घ्या. दहा वर्षांखालच्या मुलांना अंघोळीत एकटे सोडू नका. त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

रक्त आले असो वा नसो, आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, तिखट, चुना, तेल, काही नाही. पट्टीने घट्ट बांधू नका. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

"लस दिलेला घरचा कुत्रा आहे" हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि तरीही लस सुरू करायला सांगतो. कुत्र्याला दिलेली लस वेळेवर होती का, ती नीट साठवली होती का, त्याच्यात प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे कार्ड पाहून कळत नाही. आणि रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून पद्धत अशी : लस लगेच सुरू करायची आणि कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचे. तो 10 दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस कमी करायचे का हे डॉक्टर ठरवतात. स्वतः ठरवून थांबू नका.

पोटात 14 इंजेक्शने हा आता इतिहास झाला. लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. स्नायूत द्यायची असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, त्वचेत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पहिल्या डोसचा दिवस म्हणजे शून्यावा दिवस. त्वचेच्या आरपार जखम झाली असेल, ओरखड्यातून रक्त आले असेल, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स झालेला असेल तर 0 आणि 3 या दोनच डोसांत भागते. त्यामुळे जुनी कागदपत्रे जपून ठेवा. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरज असल्यास अँटिबायोटिक हेही डॉक्टर पाहतात. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका.

कोणी अंघोळ घालू नये

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. प्लीहा काढलेल्यांनी तर नक्कीच. कुत्र्याच्या तोंडात नेहमी राहणारा एक जंतू त्यांच्या रक्तात वेगाने पसरू शकतो. लहानसा चावा किंवा जखमेवर चाटणे झाल्यानंतर त्यांना ताप आला तर ती तातडीची बाब आहे, रात्र जाऊ देऊ नका.

दमा किंवा ॲलर्जी असेल तर आखूड केसांचा कुत्रा त्रास देत नाही, हे खरे नाही. ॲलर्जी केसांची नसून लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. अंघोळीने ती प्रथिने कमी होतात पण काही दिवसांत पूर्ववत होतात. ओल्या कुत्र्याला चोळणारी व्यक्ती तरी दम्याची नसावी. हातांना इसब असेल किंवा कापलेले असेल तर रबरी हातमोजे घाला. पावसाळ्यात हे विशेष, कारण लेप्टोचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. अंघोळीत कुत्रा बरेचदा लघवी करतोच. नंतर फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. त्यात संडास साफ करायचे ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्या.

डॉक्टरांना केव्हा भेटावे

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागणे, त्याच दिवशी. अंगावर गोचीड सापडल्यानंतर दोन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा जोराची डोकेदुखी, लगेच. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे होणे, लघवी कमी होणे, लगेच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारी खाज किंवा वाढत जाणारा गोल चट्टा, कोणतेही मलम लावण्याआधी. कमरेचे दुखणे पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी. आणि जाताना कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड सोबत न्या.